जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण फवारूनही परत का येतो?

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसू लागतो, पाने चिकट होतात, त्यांवर काजळी धरते आणि कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. नर्सरीतून एखादे औषध आणून फवारले की काही दिवस झाड स्वच्छ दिसते, आणि पंधरवडा उलटेपर्यंत तोच कापूस त्याच जागी पुन्हा हजर होतो. फेब्रुवारीपासून पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत आणि पुढे ऑक्टोबरच्या उन्हात ही तक्रार गच्चीवरच्या कुंड्यांपासून परसातल्या जुन्या झाडांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. औषध बदलून पाहिले, प्रमाण वाढवून पाहिले, तरी उपयोग झाला नाही, असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत दोष बहुधा औषधाचा नसतो. कीड परत आली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती झाडावरून गेलेलीच नसते. आणि क्वचित गेली असली तरी तिला पुन्हा आणून सोडणारी मंडळी कुंडीच्या आसपास शाबूत असतात. त्यामुळे पुढची बाटली विकत घेण्यापूर्वी ती नेमकी कुठे दडते आणि कोणाच्या मदतीने परतते, हे शोधणे अधिक फायद्याचे ठरते.

आधी कीड कोणती ते ठरवा

झाडावर पांढरे दिसले की तो पिठ्या ढेकूणच, असे धरून चालू नये. पान बोटाने पुसल्यावर नुसती पांढरी भुकटी हाताला लागत असेल आणि तिच्याखाली किडा नसेल, तर ती भुरी म्हणजे बुरशी आहे आणि तिचा उपाय निराळा आहे. फांदी हलवताच बारीक पांढरे किडे भुर्रकन उडत असतील, तर ती पांढरी माशी समजावी. तिच्यातल्या एका प्रकारात पानाच्या मागच्या बाजूला मेणाच्या पांढऱ्या वर्तुळाकार रेघा उमटलेल्या दिसतात. पिठ्या ढेकूण उडत नाही. (त्याच्या नराला पंख असतात, पण तो इतका लहान आणि अल्पायुषी असतो की आपल्या नजरेस पडत नाही.) काडीने कापूस बाजूला सारला, की खाली तीन-चार मिलिमीटर लांबीचा, चपटा, मऊ, वळ्यावळ्यांचा किडा दिसतो आणि दाबल्यावर त्यातून पिवळसर ते गुलाबी द्रव निघतो.

जास्वंदीवर मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिलीच्या पाठीवर मेणाच्या थरातूनही दिसणारे गडद ठिपके जोडीने असतात. हाच कपाशीवरचा पिठ्या ढेकूण, ज्याने २००६ ते २००८ च्या सुमारास गुजरात आणि विदर्भातल्या कापूस उत्पादकांना हैराण केले होते. दुसरी जात गुलाबी पिठ्या ढेकणाची, जी नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. हिचा उपद्रव ओळखण्याची खूण म्हणजे शेंडा आखडतो, पेरे आखूड होतात आणि नवी पाने चुरगळून एकमेकांत गुंतल्यासारखी वाढतात. याला विषाणूजन्य रोग समजून पुष्कळ जण झाड टाकून देतात. प्रत्यक्षात तो या किडीच्या लाळेचा परिणाम असतो आणि तेवढा शेंडा कापला तर पुढची फूट सरळ निघू शकते.

एका फवारणीने काम का भागत नाही

पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि तिची अंडी कापसासारख्या पिशवीत गुंडाळलेली असतात. पाण्यात मिसळलेले औषध या मेणावरून ओघळून जाते. औषधाला खऱ्या अर्थाने बळी पडते ते नुकते बाहेर पडलेले पिल्लू, कारण पहिले काही दिवस त्याच्या अंगावर मेण जवळजवळ नसते. एक मादी शेकडो पिल्ले देते आणि उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. आज फवारले तर आज उघड्यावर असलेली पिल्ले मरतात. पिशवीतली अंडी आणि सालीच्या भेगेत, जुन्या गुंडाळलेल्या पानात किंवा फांद्यांच्या बेचक्यात बसलेल्या माद्या तशाच राहतात. पुढच्या आठवड्यात निघालेल्या पिल्लांना आपण नवी कीड समजतो. म्हणूनच सौम्य उपाय सात-आठ दिवसांच्या अंतराने निदान चार वेळा करणे हे जहाल औषध एकदाच मारण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरते, आणि त्यातला तिसरा-चौथा हप्ता झाड स्वच्छ दिसत असतानाच द्यायचा असतो, ही गोष्ट सहसा कोणी पाळत नाही.

दुसरी दडण्याची जागा मातीत असते. कुंडी आडवी करून तळाच्या छिद्रांशी पाहावे, शक्य असल्यास मातीचा गोळा अलगद सरकवून कुंडीच्या आतल्या कडेला निरखावे. तेथे मुळांलगत पांढरी पिठासारखी पुटे दिसली, तर वर कितीही फवारले तरी खालून पुरवठा चालूच राहणार. पाणी नियमित देऊनही मलूल राहणाऱ्या झाडाच्या बाबतीत ही तपासणी आधी करावी.

मुंग्यांचा बंदोबस्त हा अर्धा उपाय

ज्या झाडावर पिठ्या ढेकूण वारंवार येतो, त्याच्या खोडावर संध्याकाळी पाच मिनिटे नजर ठेवली तर मुंग्यांची ये-जा दिसतेच दिसते. ढेकूण झाडाचा रस मोठ्या प्रमाणावर शोषतो आणि त्यातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. पानांवर जो चिकटा आणि त्यावर जी काळी बुरशी दिसते ती याचीच. मुंग्या हा गोड द्रव गोळा करतात आणि त्याच्या बदल्यात ढेकणांची राखण करतात. भिंगाखाली पाहिले तर मुंगी आपल्या मिशांनी ढेकणाच्या पाठीवर टकटक करते आणि मागच्या टोकाला आलेला थेंब लगेच टिपते, हे स्पष्ट दिसते. ढेकूण खायला आलेल्या ढालकिड्यांना त्या हुसकावतात, आणि पिल्ले उचलून नव्या शेंड्यावर, कधी शेजारच्या कुंडीत, नेऊन ठेवतात. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाची पहिली शास्त्रीय नोंदच मुळी १८९८ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात, झाडांच्या मुळांवर झाली होती, इतका हा सहवास जुना आहे.

म्हणून झाडावर पहिली फवारणी करण्याच्याही आधी मुंग्यांची वाट तोडावी. खोडाभोवती चार बोटे रुंदीची चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. ग्रीस थेट सालीला लावू नये, साल खराब होते. पट्टी लावल्यावर झाडाची एकही फांदी भिंतीला, जाळीला, कपड्यांच्या दोरीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत नाही ना, हे पाहावे, कारण असा एक पूल उरला तरी पट्टीला काही अर्थ राहत नाही. धूळ बसून पट्टी कोरडी पडते, तेव्हा थर दर आठवड्याला नवा करावा लागतो.

कुंडी पाण्याने भरलेल्या थाळीत विटेवर ठेवण्याचा जुना उपायही चांगला आहे, मात्र त्यात एक धोका आहे: साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. थाळीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, थाळी घासून पुन्हा भरण्याची तयारी नसेल तर हा उपाय न केलेलाच बरा; एक कीड घालवण्यासाठी दुसरी पाळण्यात शहाणपण नाही. वारूळ सापडत नसेल आणि मुंग्या फारच असतील, तर शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा झाकण असलेल्या आणि कडेला बारीक भोके पाडलेल्या डबीत घालून मुंग्यांच्या वाटेवर ठेवावा. प्रमाण वाढवू नये. मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळापर्यंत पोहोचत नाही. डबी लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी. बाजारात मिळणाऱ्या मुंग्यांच्या खडूने कुंडीवर रेघोट्या ओढण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. त्यात कृत्रिम कीटकनाशक असते, पाणी पडले की ते मातीत उतरते, आणि मुंग्या रेघ ओलांडण्याची दुसरी वाट दोन दिवसांत शोधतात.

झाडावरचे काम

सर्वांत जास्त भरलेले शेंडे आधी कापावेत. कापताना फांदी झटकू नये. खाली साबणाच्या पाण्याची बादली धरून शेंडा थेट तिच्यात पडू द्यावा, रात्रभर तसाच बुडवून ठेवावा आणि मग पिशवी बांधून ओल्या कचऱ्यात द्यावा. असे शेंडे घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकणे किंवा गच्चीवरून खाली भिरकावणे म्हणजे किडीचा प्रसार आपणच करणे होय. कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मगच पुढच्या झाडाला लावावी.

यानंतर कुंडीच्या मातीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा. गळून पडलेले ढेकूण मरत नाहीत, तासाभरात खोडावरून पुन्हा वर चढू लागतात, यासाठी ते कागद गुंडाळून लगेच साबणाच्या पाण्यात टाकायचे. निव्वळ पाण्याने निम्म्याहून अधिक कीड निघून जाते असे माझे निरीक्षण आहे, आणि हाच टप्पा लोक सर्वाधिक टाळतात. घरातल्या मोजक्या कुंड्या असतील तर उरलेले ढेकूण सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक टिपता येतात. स्पिरिट मेण विरघळवते. एका पानावर आधी लावून दुसऱ्या दिवशी डाग पडत नाही ना ते पाहावे.

फवारणीसाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर पोटॅशियमयुक्त मऊ साबण पुरतो. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पानांच्या कडा करपतात. पाणी बोअरचे आणि जड असेल तर साबण फुटून वर साय धरते आणि किडीवर काहीच परिणाम होत नाही; अशा वेळी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. साबणाचे द्रावण किडीच्या अंगाला लागले तरच काम करते, वाळल्यावर त्याचा प्रभाव उरत नाही, म्हणून पानाची मागची बाजू, बेचके आणि कळीचे देठ अक्षरशः ओघळेपर्यंत भिजले पाहिजेत. पुढच्या आठवड्यात साबणाऐवजी निंबोळी अर्क घ्यावा: पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचे दाणे कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी फडक्याने गाळावे, त्यात किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच गोळा करून, सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात. बुरशी धरलेल्या निंबोळ्यांचा अर्क उपयोगाचा नसतो. हे शक्य नसेल तर १५०० पीपीएमचे तयार निंबोळीयुक्त कीटकनाशक लिटरला तीन ते पाच मिलिलिटर घ्यावे. भर उन्हात कोणतीही फवारणी करू नये.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी मित्रबुरशी कृषी सेवा केंद्रांत भुकटीच्या रूपात मिळते आणि लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात वापरतात. तिला हवेत भरपूर ओलावा लागतो, त्यामुळे कोकणात किंवा पावसाळ्याच्या अखेरीस ती चांगले काम करते आणि मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये जवळजवळ वाया जाते. तिच्या आगेमागे बुरशीनाशक फवारले तर ती मरते, हे उघड असूनही दोन्ही एकाच पंपात मिसळणारे पुष्कळ भेटतात. राख, ताक, हळद यांविषयी विचाराल तर राखेने पाने काळवंडतात आणि ताकाने वास सुटतो, एवढाच निश्चित परिणाम मी पाहिला आहे.

पांढरे दिसणारे सगळेच शत्रू नसतात

फवारा हातात घेण्यापूर्वी भिंगातून दोन मिनिटे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. क्रिप्टोलीमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला. तो पुढे पिठ्या ढेकणांचा मोठा भक्षक म्हणून येथे रुळला आणि द्राक्ष, सीताफळ, पेरू यांच्या बागांत आजही मुद्दाम सोडला जातो. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुबके मिरवते आणि वरवर पाहता हुबेहूब मोठ्या ढेकणासारखी दिसते. काडीने डिवचले की फरक कळतो: ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी चटकन पळत सुटते, आणि तिचे झुबके ढेकणाच्या आखूड पिठूळ काठापेक्षा बरेच लांब आणि विस्कटलेले असतात. एका भक्षक अळीला "सगळ्यात मोठा ढेकूण" म्हणून चिरडणे हा गच्चीवरच्या बागेत रोज घडणारा प्रकार आहे. एपफ्लाय नावाच्या लहानशा फुलपाखराची अळीही ढेकूण खाऊन वाढते, ढेकणांचेच मेण अंगावर वागवते आणि तिचा कोष माकडाच्या तोंडवळ्याचा असतो. तो पानावर दिसला तर ते पान तसेच राहू द्यावे.

याखेरीज काही ढेकूण तपकिरी, कडक, पिंपासारखे फुगलेले आणि पाठीवर गोल भोक पडलेले आढळतात. त्यांच्या पोटात वाढलेली परोपजीवी गांधीलमाशी, जी मुंगीहूनही लहान असते, त्या भोकातून बाहेर पडलेली असते. कपाशीवरचा उद्रेक ओसरण्यात अशाच एका माशीचा मोठा वाटा होता. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला प्रथम दिसला आणि नंतर महाराष्ट्रातल्या पपईवरही पसरला, तेव्हाही फवारण्यांनी तो आटोक्यात आला नाही. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या परोपजीवी माशा सोडल्यावर तो उतरला. त्यामुळे झाडावर असे तपकिरी ढेकूण बऱ्यापैकी दिसत असतील, तर निंबोळी अर्कही थांबवून केवळ मुंग्या अडवाव्यात आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी.

जहाल औषधे का नकोत

"नुवान" या नावाने ओळखले जाणारे डायक्लोरव्हॉस आजही कुंडीतल्या झाडासाठी सुचवले जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. कोणी सुट्या बाटलीत भरून देत असेल तर ते नाकारावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. बंदिस्त बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी तसलाच द्रव उडवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. मुळांतून शोषली जाणारी, मातीत घालायची औषधे सोयीची वाटतात, पण ती मकरंद आणि परागांतही उतरतात. जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर चोच घालून मकरंद पितो, आणि आपण ती फुले गणपतीला वाहतो, पाकळ्या तेलात कढवून केसांना लावतो. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर विषारीपणा सर्वाधिक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरच्या बागेत लाल आणि पिवळ्याला थारा देऊ नये.

सगळे करूनही येतच असेल तर

मग कीड बाहेरून येते आहे. कुंपणालगतचे गाजर गवत हे पिठ्या ढेकणाचे आवडते आश्रयस्थान आहे. ते फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. सीताफळ, पेरू, पपई, क्रोटन, भेंडी, वांगी या शेजाऱ्यांकडेही पाहावे, कारण आपण जास्वंदीवर लक्ष ठेवून असतो आणि साठा क्रोटनच्या बेचक्यात असतो. वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून वाऱ्याने पिल्ले खाली येत असतील तर एकट्याने लढण्यात अर्थ नाही, शेजारणीकडे भिंग घेऊन जावे लागेल. नर्सरीतून आणलेले रोप तीन-चार आठवडे इतरांपासून दूर ठेवावे. कितीही स्वच्छ दिसले तरी एका पिढीला लागणारा वेळ गेल्याशिवाय खात्री देता येत नाही.

खताकडेही पाहावे. भरपूर फुले यावीत म्हणून दर आठवड्याला युरिया किंवा पेंडीचे पाणी घातल्यास झाड लुसलुशीत, रसरशीत फूट काढते, आणि ढेकणाला हवी असते ती नेमकी अशीच. उन्हाळ्यात नत्र निम्म्यावर आणावे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी छाटणी करू नये, कारण तिच्यामुळे कोवळी फूट ऐन किडीच्या हंगामात येते.

मुळांवर पुटे सापडली असतील तर झाड कुंडीतून काढून, माती झटकून, मुळे पाण्याखाली धुऊन नव्या मातीत लावावे. कुंडी साबणाने घासून कडक उन्हात वाळवावी. जुनी माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे बंद ठेवली तर पुन्हा वापरता येते. खोडापर्यंत पोखरल्यासारखे झालेले, महिनोन्‌महिने फूल न दिलेले जुने झाड असेल, तर त्याच्या निरोगी फांदीची पेन्सिलइतकी जाड छाटी साबणाच्या पाण्यात बुडवून, धुऊन, जूनमध्ये वेगळ्या कुंडीत लावावी आणि ती रुजली की मूळ झाड काढून टाकावे.